लॅपटॉपचा आवाज गेला होता, असा परत आला

कोथरूडला नवीन खोलीत आल्यावर लॅपटॉपवर डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार) टाकलं आणि आतले स्पीकर एकदम गप्प. ब्लूटूथ हेडफोन मात्र वाजत होता. तो काढला की सेटिंगमध्ये नुसतं 'डमी आउटपुट', म्हणजे सिस्टिमला साउंड कार्डच दिसत नव्हतं. स्पीकर गेला समजून तपकीर गल्लीत, पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, निघालेच होते.

आधी 'डीमेसेज'मध्ये, म्हणजे सिस्टिमच्या नोंदींत, 'सॉफ' (साउंड ओपन फर्मवेअर) शोधलं: फर्मवेअर, म्हणजे चिप चालवणारं सॉफ्टवेअर, लोड झालं नाही, एरर -२. म्हणजे फाइलच नाही! इंटेलच्या बऱ्याच नव्या चिपांवर आवाज डीएसपी (आवाजासाठीचा वेगळा प्रोसेसर) सांभाळतो आणि त्याला हे फर्मवेअर लागतंच. डेबियन जिथून सॉफ्टवेअर घेतं त्या सोर्सच्या यादीत 'नॉन-फ्री-फर्मवेअर' हा विभाग जोडला, 'फर्मवेअर-सॉफ-साइन्ड' हे पॅकेज टाकलं, रीस्टार्ट केलं. कार्ड दिसलं, पण तरी शांतता. 'अल्सामिक्सर' या आवाज कमी-जास्त करायच्या प्रोग्राममध्ये स्पीकरखाली 'एमएम', म्हणजे म्यूट. एम दाबलं.

रात्री व्हिडिओ कॉलवर आईचा आवाज खणखणीत आला.