एअर पिस्तूल शिकताय? स्क्रूला हात लावण्याआधी या चुका टाळा

नागपुरातल्या रेंजवर उन्हाळी सुट्टी लागली की पहिल्या आठवड्यात हमखास दिसणारं दृश्य: नव्या नेमबाजाने पाच छर्रे मारले, तीन डावीकडे खाली लागले, आणि लगेच स्क्रूड्रायव्हर निघाला. मागची साइट, म्हणजे नेम धरायची खाच, थोडी फिरवली. पुढचे पाच छर्रे उजवीकडे वर. पुन्हा स्क्रू. तासाभरात साइट मुळात कुठे होती, हे कुणालाच सांगता येत नाही.

पिस्तूल बिचारं बहुतेक वेळा निर्दोष असतं. मॅचचं, म्हणजे स्पर्धेचं, पिस्तूल शिकंज्यात पक्कं बांधून झाडलं तर १० मीटरवर छर्रे जवळजवळ एकाच भोकातून जातात. तुमचे छर्रे वाटीएवढ्या जागेत विखुरलेले असतील तर ते विखुरणं हाताचं आणि डोळ्याचं आहे, आणि ते स्क्रूने कमी होत नाही. स्क्रू फक्त अख्खा ग्रुप, म्हणजे भोकांचा झुबका, उचलून दुसरीकडे ठेवतो.

म्हणून नियम साधा ठेवा. तीन टार्गेटवर १०-१० छर्रे मारा. तिन्ही ग्रुपचा मध्य एकाच बाजूला सरकलेला दिसला तरच साइट हलवा. पाच छर्‍यांवरून मध्य काढू नका. एखादा चुकार छर्रा सगळा हिशेब बिघडवतो. आणखी एक फसवी गोष्ट म्हणजे अक्षरं. जर्मन बनावटीच्या बर्‍याच पिस्तुलांच्या स्क्रूवर ‘एच’ (होख, म्हणजे वर) आणि ‘टी’ (टीफ, म्हणजे खाली) लिहिलेलं असतं. ‘एच’कडे फिरवलं की छर्रा वर जाईल, असं वाटतं. खरा अर्थ उलटा आहे: छर्रा वर लागत असेल तर ‘एच’कडे फिरवा, खाली लागत असेल तर ‘टी’कडे. खात्री नसेल तर पाच क्लिक फिरवून ग्रुप कुठे सरकतो ते बघा आणि वहीत लिहून ठेवा.

नजर टार्गेटवर

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. नवीन माणूस काळ्या वर्तुळाकडे टक लावून बघतो, कारण मारायचं तिथे आहे. मग नळीच्या टोकाकडची पुढची साइट धूसर होते आणि ती मागच्या खाचेत कुठे बसली आहे, ते कळतच नाही.

आकडेच बघा. दोन्ही साइटमधलं अंतर साधारण ३३० मिलिमीटर धरू. पुढची साइट खाचेत अर्धा मिलिमीटर बाजूला गेली, तर १० मीटरवर छर्रा सुमारे १५ मिलिमीटर सरकतो. टार्गेटवर एका रिंगपासून पुढच्या रिंगपर्यंत ८ मिलिमीटर असतात, म्हणजे जवळजवळ दोन गुण गेले. याउलट साइट नीट जुळलेली आहे आणि अख्खा हातच ८ मिलिमीटर हलला, तर छर्राही तेवढाच, ८ मिलिमीटर सरकतो. एक गुण. हात हलणं दिसतं म्हणून त्याची धास्ती वाटते. खाचेतला अर्धा मिलिमीटर दिसत नाही म्हणून तो गुण खातो.

तेव्हा नजर पुढच्या साइटच्या वरच्या कडेवर. ती कड कागद कापल्यासारखी स्पष्ट दिसली पाहिजे, दोन्ही बाजूंची उजेडाची फट सारखी हवी, आणि काळं वर्तुळ थोडं धूसर हवं. ते धूसर दिसतंय म्हणजे तुमचं बरोबर चाललंय. साइट वर्तुळाच्या मध्यात किंवा कडेला चिकटवू नका; काळ्यावर काळं मिसळतं. वर्तुळाच्या खाली पांढरी पट्टी सोडून धरा. दुसरा डोळा घट्ट मिटू नका, दहा मिनिटांत चेहरा आखडतो. त्या डोळ्यापुढे पांढरट झापड लावा. स्पर्धेत तिची रुंदी ३० मिलिमीटरपर्यंत चालते. चाळिशी ओलांडलेल्यांनी वाचायचा चष्मा लावून येऊ नये. तो पुस्तकाच्या अंतराचा असतो, साइट हातभर लांब असते. चष्म्याच्या दुकानात ते अंतर मोजून सांगा.

चाप ओढताना

उजव्या हाताने मारणार्‍याचे छर्रे डावीकडे खाली जमत असतील तर बहुधा चाप झटक्यात ओढला जातोय, किंवा चापाच्या बोटासोबत बाकीची बोटंही आवळली जाताहेत. डावखुर्‍याचं हेच उजवीकडे खाली दिसेल. सरळ खाली जात असतील तर मनगट सैल पडतंय किंवा आवाजाच्या आधीच हात खाली येतोय. वर-खाली उभी रांग लागली तर श्वास आणि फार वेळ धरून ठेवणं तपासा. आडवी रांग असेल तर पाय. डोळे मिटून हात उचला, मग उघडा. साइट टार्गेटच्या बाजूला दिसली तर मनगट वळवू नका, मागचा पाय थोडा सरकवा. रेंजच्या भिंतीवर अशा निदानाचे गोल तक्ते लावलेले असतात. ते इशारा म्हणून ठीक आहेत, पण एकाच ग्रुपमागे दोन कारणं असू शकतात.

दुसरी खोड म्हणजे चाप हलका करणं. १० मीटर एअर पिस्तूल स्पर्धेत चापाचं वजन किमान ५०० ग्रॅम लागतं. तपासताना नळी उभी धरतात, चापाला वजन लटकवतात आणि उचलतात. चाप सुटला की पिस्तूल नापास. घरी तपासायला इतवारीत मिळतं तसं किराण्याचं ५०० ग्रॅमचं माप चालेल, पण त्याला अडकवलेली तारही वजनात धरा आणि सगळं मिळून इलेक्ट्रॉनिक काट्यावर मोजा. चाप ठीक ५०० वर ठेवू नका. ५१०-५२० असू द्या.

आणि वेळ. हात वरून टार्गेटच्या उंचीला येऊन स्थिरावला की पहिल्या सहा-आठ सेकंदांत छर्रा सुटला पाहिजे. दहा सेकंद झाले की हात थरथरतो, नजर थिजते, आणि मग ‘आता सोडूनच टाकू’ म्हणून छर्रा जातो. तो सात गुणांचा असतो. पिस्तूल खाली आणा, दोन श्वास घ्या, पुन्हा उचला. ६० छर्‍यांना इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर ७५ मिनिटं असतात. घाई कसलीच नाही.

सिलिंडर आणि नवतपा

मॅचच्या पिस्तुलाचा हवेचा सिलिंडर २०० बारपर्यंत (बार हे दाबाचं माप) भरतात. २५ अंशांना २०० बार भरलेला सिलिंडर उन्हात उभ्या गाडीत ६० अंशांपर्यंत तापला, तर आतला दाब २२० च्या वर जातो. आपल्याकडे नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक दिवसांत, उन्हात उभ्या बंद गाडीत ही वेळ यायला फार वेळ लागत नाही. पिस्तुलाची पेटी गाडीत ठेवू नका, सोबत न्या.

भरताना घाई केली की सिलिंडर गरम होतो, काटा २०० दाखवतो आणि थंड झाल्यावर खाली येतो. मग लोक म्हणतात, ‘लीक आहे.’ सावकाश भरा, हात लावून बघा, थंड झाल्यावर पुन्हा वाचा. रात्रभरात दाब खरोखर उतरत असेल तर तोंडाची ओ-रिंग (रबरी कडी) बघा. सिलिंडर हातानेच घट्ट करायचा, पाना लावला की रिंग चिरते. काटा ७०-८० बारच्या खाली गेला की छर्रे खाली पडू लागतात. इथेही स्क्रू नको, हवा भरा.

एका बाबतीत थट्टा नाही. वेल्डिंगवाल्याकडचा ऑक्सिजन भरू नका. तेल-ग्रीसशी गाठ पडली तर स्फोट होतो. फक्त कोरडी, गाळलेली हवा. सिलिंडरवर कोरलेली तारीख वाचा. बर्‍याच कंपन्या दहा वर्षांनंतर वापरू नका असं सांगतात.

कूलरच्या ओलसर हवेपासूनही जपा. पिस्तुलाची पेटी कूलरसमोर ठेवली की स्क्रू आणि नळीवर गंज धरतो, लाकडी मूठ फुगते, पेपर टार्गेट सादळतं. सादळलेल्या कागदाचं भोक फाटकं होतं आणि गुण मोजताना वाद होतात. घामाने मूठ निसटत असेल तर ती जास्त आवळू नका, खडूची पूड लावा.

छर्रे, मूठ आणि थोडं बाकी

सपाट डोक्याचे ४.५ मिलिमीटरचे मॅच छर्रे घ्या. टोकदार छर्रा कागद फाडतो, स्वच्छ भोक पाडत नाही. डबा खाली पडला तर छर्‍यांची मागची घेर चेपते. तसे छर्रे बाजूला काढा. ते शिशाचे असतात. ओठात धरू नका, आणि रेंजवरून निघताना हात धुतल्याशिवाय समोशाला हात लावू नका.

मूठ हाताच्या मापाची हवी. सैल असेल तर लाकडाची पुटी भरा, टोचत असेल तर तिथेच पॉलिश पेपर घासा, पण एका दिवसात थोडंच. मूठ मनगटाला आधार देत असेल तर स्पर्धेत चालत नाही. पिस्तुलाच्या हातात कडं किंवा घड्याळही नको, आणि घोट्यावर चढणारे बूटही नाहीत.

सुरुवातीलाच पिस्तूल विकत घेणं ही आमच्या मते सगळ्यात टाळता येण्याजोगी चूक. दोन-तीन महिने क्लबच्या पिस्तुलावर मारा. बाजारातलं स्वस्त स्प्रिंगचं पिस्तूल दोनदा धक्का देतं आणि हात बिघडवतं. शिवाय ते रिकामं झाडलं की आतली सील खराब होते, त्यामुळे ड्राय फायर, म्हणजे छर्रा न भरता चाप ओढायचा सराव, करता येत नाही. ज्यात ड्राय फायरची सोय आहे त्या पिस्तुलाने घरी पांढर्‍या भिंतीपासून दीड मीटरवर उभं राहून रोज २० मिनिटं चाप ओढा. टार्गेट नको. भिंतीवर बघण्यासारखं काही नसल्यामुळे नजर आपोआप साइटवर राहते. छर्रे त्या खोलीत ठेवूच नका.

गच्चीवर मात्र रेंज करू नका. ४.५ मिलिमीटर आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही, याचा अर्थ ते खेळणं आहे असा नाही. चुकलेला छर्रा शेजारच्या गच्चीवर सहज पोचतो, आणि उघड्या भिंतीवरून तो उलटा डोळ्याकडे येतो.

स्पर्धेच्या पेटीत पिस्तुलापेक्षा सुटे भाग जास्त असावेत. टोकियो ऑलिंपिकमध्ये मनू भाकरचं पिस्तूल पात्रता फेरीतच बिघडलं. दुरुस्तीत बरीच मिनिटं गेली आणि ती ५७५ गुणांवर १२वी राहिली. याच प्रकारात पुढे २०२४ ला पॅरिसमध्ये तिने कांस्य जिंकलं. तेव्हा भरलेला दुसरा सिलिंडर, ओ-रिंगा, एलन कीचा संच, नारिंगी सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी असल्याची खूण) आणि इलेक्ट्रॉनिक चाप असेल तर नवी बॅटरी, हे सगळं आदल्या रात्री पेटीत. स्क्रूड्रायव्हरही ठेवा, पण अगदी तळाशी.