झिजलेला शिलालेख वाचण्यासाठी तिरपा उजेड

गावातल्या बारवेवरचा किंवा देवळाच्या चौकटीवरचा शिलालेख इतका झिजलेला असतो, की भर दुपारी समोरून काढलेल्या फोटोत एकही अक्षर लागत नाही.

अंधार पडल्यावर जावे आणि सोबत एका माणसाला घ्यावे.

१. दगडावरची धूळ मऊ, कोरड्या कुंचल्याने हलकेच झाडावी.
२. मोबाइल लेखाच्या अगदी समोर स्थिर धरावा व फ्लॅश बंद ठेवावा.
३. सोबत्याने विजेरी दगडाला जवळजवळ टेकवून डावीकडून, उजवीकडून, वरून आणि खालून असा तिरपा झोत टाकावा व प्रत्येक वेळी वेगळा फोटो घ्यावा. एका बाजूने सपाट दिसणारी ‘शके’ची मात्रा दुसऱ्या बाजूने सावली धरून ठळक उठते.
४. एका फोटोत मोजपट्टी ठेवावी आणि जागा व तारीख त्याच दिवशी लिहून काढावी.

शक वाचता आला, की त्यात ७८ मिळवावेत, म्हणजे शके १६८४ हे इसवी सन १७६२ येते. तिथी माघ-फाल्गुनातली असल्यास मात्र ७९ मिळवावेत.

अक्षरे उठून दिसावीत म्हणून खडू, पीठ, तेल किंवा तारेचा ब्रश कधीही वापरू नये, कारण त्याने उरलेली अक्षरेही कायमची जाऊ शकतात.