वर्ग सुरू होण्याच्या तारखेपासून मागे मोजा

माझा पहिला विद्यार्थी व्हिसाचा अर्ज दोन दिवसांपायी गेला. मी ब्रिटनला एमएस्सीसाठी निघाले होते. तिथला नियम असा, की फी आणि राहण्याच्या खर्चासाठी ठरलेली रक्कम खात्यात सलग २८ दिवस असली पाहिजे, आणि त्यातला शेवटचा दिवस अर्जाच्या आधीच्या ३१ दिवसांत पडला पाहिजे. एकोणिसाव्या दिवशी मी त्याच खात्यातून विमानाचं तिकीट काढलं. शिल्लक ठरलेल्या रकमेच्या खाली गेली. दोन दिवसांनी बाबांनी भर घातली आणि अर्जाच्या दिवशी पैसे पुरेपूर होते, पण स्टेटमेंटमधल्या त्या दोन ओळी तशाच राहिल्या. अर्ज नाकारला गेला. विद्यापीठाने प्रवेशाची खात्री म्हणून दिलेला कॅस क्रमांक एकदाच वापरता येतो, म्हणून तो नव्याने मागावा लागला, २८ दिवस पुन्हा मोजावे लागले, व्हिसाची फी पुन्हा भरावी लागली. मी पोचले तेव्हा दुसरा आठवडा संपत आला होता.

तेव्हापासून दरवर्षी ओळखीतल्या मुलामुलींबरोबर मी कागदपत्रं घेऊन बसते, आणि सुरुवात एकाच गोष्टीने करते. एक आडवा कागद घ्यायचा, उजव्या टोकाला वर्ग सुरू होण्याची तारीख लिहायची आणि डावीकडे मागे मोजत यायचं. ‘लागेल तेवढा वेळ लागेल’ असं म्हणून व्हिसाचं काम होत नाही. त्यातल्या प्रत्येक कागदाला स्वतःची मुदत असते आणि एकाची मुदत दुसऱ्यात अडकलेली असते.

अगदी डावीकडे पासपोर्ट. अभ्यासक्रम संपेपर्यंत तो चालणार नसेल तर आधी नवा काढा. कॅनडात स्टडी परमिट पासपोर्टच्या मुदतीपलीकडचं देत नाहीत, म्हणजे दोन वर्षांच्या शिक्षणाला दीड वर्षाचं परमिट हातात पडू शकतं. नावाचं स्पेलिंग पासपोर्ट, गुणपत्रिका आणि प्रवेशपत्रावर अक्षरन् अक्षर जुळतंय का, हे याच टप्प्यावर पाहा. विद्यापीठाला मेल करून दुरुस्ती आता सहज होते, अर्ज गेल्यावर तीच डोकेदुखी होते.

मग पैसे. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवते. जर्मनीला जाणाऱ्यांना बहुधा ब्लॉक्ड अकाउंट उघडावं लागतं. सप्टेंबर २०२४ पासून त्यात वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात आणि तिथे गेल्यावर महिन्याला ९९२ युरोच हाती येतात. म्हणून पहिल्या महिन्याच्या घरभाड्याची आणि अनामत रकमेची सोय वेगळी ठेवा, ते पैसे या खात्यातून एकदम निघत नाहीत. ब्रिटनला जाणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे. त्या खात्याचं कार्ड २८ दिवस कपाटात ठेवा आणि रकमेवर थोडी जास्तीची शिल्लक राहू द्या. बँकेचं शुल्क कापलं गेल्यानेही आकडा खाली येतो. शेवटी स्टेटमेंटची छापील प्रत काढायची, पेन्सिल घ्यायची आणि शिल्लकेच्या रकान्यातल्या प्रत्येक आकड्यावर खूण करत खाली यायचं. कंटाळवाणं काम आहे, पण पाच मिनिटांचं आहे. मी ते केलं असतं तर अर्ज थांबवला असता.

खात्यात अचानक मोठी रक्कम आली असेल तर ती कुठून आली याचा कागद जोडा: कर्जाचं मंजुरीपत्र, मुदत ठेव मोडल्याची पावती, जे असेल ते.

अर्ज स्वतः भरा. एजंटची मदत घ्या हवी तर, पण लॉगिन तुमचं, ईमेल तुमचा, आणि रिकाम्या फॉर्मवर सही कधीच नाही. खोटी माहिती किंवा बनावट कागद निघाला तर एजंट नामानिराळा राहतो. कॅनडात त्यासाठी पाच वर्षांची बंदी आहे, ब्रिटनमध्ये दहा वर्षांपर्यंतची, आणि अमेरिकेत तर कायमची अपात्रता येऊ शकते. पूर्वी कुठल्याही देशाने व्हिसा नाकारला असेल आणि फॉर्ममध्ये तसं विचारलं असेल तर तेही लिहा. मी दुसऱ्या अर्जात माझा नकार लिहिला, कारण दिलं आणि व्हिसा मिळाला.

अमेरिकेसाठी क्रम असा: विद्यापीठाकडून आय-२० (विद्यार्थी व्हिसासाठीचं प्रवेशाचं प्रमाणपत्र), मग सेव्हिसची, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची फी, डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन फॉर्म आणि मुलाखत. मुलाखत बहुतेकदा काही मिनिटांतच आटोपते. हाच विषय का, खर्च कोण करणार, शिकून झाल्यावर काय, हे तीन प्रश्न घरी मोठ्याने बोलून पाहा. पाठ मात्र करू नका. पाठ केलेलं उत्तर लगेच कळतं, आणि मध्येच उपप्रश्न आला की ते तुटतं.

तिकीट व्हिसा हातात आल्यावर. आधीच काढायचं असेल तर रद्द करता येणारं घ्या. किती आधी पोचता येतं तेही बघा: अमेरिकेत आय-२०वरच्या सुरुवातीच्या तारखेआधी ३० दिवसांपेक्षा लवकर प्रवेश मिळत नाही. स्वस्तात मिळतात म्हणून दोन वेगळी तिकिटं जोडून घेण्याचा मोह होतो, तिथे सांभाळा. मधल्या विमानतळावर सामान घेऊन पुन्हा चेक-इन करायचं म्हणजे त्या देशात शिरणं आलं, आणि त्याला त्या देशाचा व्हिसा लागू शकतो. अमेरिकेत नुसतं विमान बदलायचं असलं तरी, व्हिसातून सूट नसलेल्या पासपोर्टवर, व्हिसा लागतोच.

सामानाबद्दल थोडक्यात. पॉवर बँक केबिन बॅगेतच, १०० वॉट-तासांच्या आत. औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, चिठ्ठीवर औषधाचं जेनेरिक नाव. अमेरिकेत १०,००० डॉलरपेक्षा जास्त किंवा युरोपीय संघात १०,००० युरो आणि त्याहून जास्त रोख जवळ असेल तर ती जाहीर करावी लागते. नेण्यावर बंदी नाही, लपवण्यावर आहे.

कागदांची फाइल मात्र कधीही चेक-इन बॅगेत टाकू नका. व्हिसा म्हणजे दारापर्यंत जायची परवानगी. आत घ्यायचं की नाही हे सीमेवरचा अधिकारी ठरवतो, आणि तो कागद मागतो तेव्हा तुमची बॅग पट्ट्यावर कुठेतरी फिरत असते. ब्रिटनचा व्हिसा आता ऑनलाइन खात्यात असतो, तेव्हा त्या खात्याला सध्याचाच पासपोर्ट जोडला आहे ना, हे निघण्याआधी बघा. कॅनडात स्टडी परमिट विमानतळावरच छापून देतात. तो कागद हातात आला की खिडकीपासून हलू नका. नाव, जन्मतारीख, मुदतीची तारीख आणि खालच्या बारीक अक्षरांतल्या अटी तिथेच वाचा. मागे रांग खोळंबली असेल, लाज वाटेल, तरी वाचा. चूक निघाली तर तो अधिकारी तिथल्या तिथे दुरुस्त करू शकतो. बाहेर पडल्यावर त्याच चुकीसाठी वेगळा अर्ज करावा लागतो.

पोचल्यावरही तारखा संपत नाहीत. जर्मनीत घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची असते, आणि घरमालकाने सही केलेला कागद त्यासाठी लागतो, तेव्हा चाव्या घेतानाच तो मागा. कामाच्या तासांची मर्यादाही पाहून घ्या. ब्रिटनमध्ये पदवी आणि त्यावरच्या अभ्यासक्रमांना सत्र चालू असताना आठवड्याला २० तास, कॅनडात महाविद्यालयाबाहेर २४. ऑस्ट्रेलियात पंधरवड्याला ४८ असतात. एखादा मालक ‘चालतं हो’ म्हणाला तरी व्हिसा त्याचा नाही, तुमचा आहे.

आणि अमेरिकेत असाल, पहिल्या सुटीत देशाबाहेर जायचा बेत असेल, तर आय-२०वर प्रवासासाठीची सही आहे का ते बघा. ती एक वर्ष चालते. नसेल तर आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात आधी जा, तिकीट नंतर काढा.