आल्प्स कोरडा पडतोय का? मातीची ओल तपासताना या चुका टाळा

1800 ते 2003 या दोन शतकांच्या नोंदींवरून आल्प्सच्या परिसरातल्या मातीच्या ओलीचा हिशोब मांडला गेला, तेव्हा सर्वात कोरडे दोन उन्हाळे निघाले: 1865 चा आणि 2003 चा. एवढंच वाचून दोन माणसं दोन टोकांना जातात. एक म्हणतो, दुष्काळ पूर्वीही असेच पडत होते, नवीन काही नाही. दुसरा म्हणतो, 2003 बघा, आल्प्स वाळत चाललाय. मधला हिशोब दोघांनीही केलेला नसतो.

आल्प्सची गोष्ट वेगळी आहे, कारण इथल्या नोंदी फार जुन्या आहेत. ऑस्ट्रियाच्या राष्ट्रीय हवामान संस्थेने सांभाळलेल्या 'हिस्टाल्प' या संचात तापमान 1760 पासून आणि पाऊस-बर्फ 1800 पासून मिळतो, तोही खुला. त्यामुळे आपल्याकडचे विद्यार्थीसुद्धा प्रकल्पासाठी हाच संच उचलतात. असे बरेच प्रकल्प मी तपासले आहेत, आणि चुका जवळपास त्याच असतात. शिवाय ऱ्हाइन, ऱ्होन, पो आणि डॅन्यूबला मिळणारी इन या नद्यांचं पाणी याच डोंगरांतून येतं. इथलं चुकीचं उत्तर खालच्या कोट्यवधी लोकांच्या पाण्याच्या नियोजनात जाऊन बसतं, म्हणून जरा खोलात जाऊन लिहिते.

पावसाच्या आकड्यावरून दुष्काळ ठरवणं

ही सर्वात मोठी चूक, आणि आपल्याला तर ती लहानपणापासून अंगवळणी पडलेली. 'यंदा सरासरीच्या 95 टक्के पाऊस' ही बातमी वाचून आपण निश्चिंत होतो. शेतकरी मात्र वाफसा बघतो. किती पडलं यापेक्षा जमिनीत किती उरलं, हे त्याला महत्त्वाचं असतं.

मातीची ओल म्हणजे जमाखर्च. जमेला पाऊस आणि वितळलेला बर्फ. खर्चाला वाहून गेलेलं, खोल मुरलेलं आणि हवेने ओढून घेतलेलं पाणी. आल्प्समध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तापमान सुमारे 2 अंशांनी वाढलं आहे, म्हणजे जागतिक सरासरीच्या जवळपास दुप्पट. पावसात अख्ख्या परिसराला लागू पडेल असा एवढा ठळक बदल दिसत नाही. म्हणून जो फक्त जमेची बाजू बघतो त्याला 'काही कल नाही' असं उत्तर मिळतं. ते उत्तर पावसापुरतं बरोबर असतं, ओलीसाठी नाही.

यावर एक सोपी युक्ती आहे आणि ती मला फार आवडते. ओलीचा निर्देशांक, म्हणजे माती नेहमीपेक्षा किती ओली किंवा कोरडी आहे हे सांगणारा आकडा, दोनदा काढा. एकदा खऱ्या तापमानाने. दुसऱ्यांदा पाऊस तोच ठेवून प्रत्येक वर्षाला 1961 ते 1990 चं सरासरी मासिक तापमान द्या. दोन उत्तरांमधला फरक म्हणजे उष्णतेने वसूल केलेला खर्च. वर सांगितलेल्या दोन शतकांच्या अभ्यासात हेच केलं होतं, आणि 2003 च्या कोरडेपणात उष्णतेचा वाटा ठळकपणे वेगळा दिसला. 1865 आणि 2003 यांना एकाच ओळीत बसवणं का चुकीचं, ते इथे कळतं.

सोयीचं वर्ष पकडून रेघ ओढणं

त्याच दोन शतकांत ओलीचे मोठे चढउतार आहेत. 1850 च्या दशकाच्या अखेरीपासून 1870 च्या दशकापर्यंतचा काळ आणि 1940 च्या मध्यापासून 1950 च्या सुरुवातीपर्यंतचा काळ सलग कोरडा होता. एकोणिसाव्या आणि विसाव्या, दोन्ही शतकांची पहिली दोन दशकं मात्र चांगलीच ओली.

आता बघा. 1910 पासून रेघ ओढली तर ती खाली येते, कारण सुरुवातच ओल्या काळात आहे. 1946 पासून ओढली तर पहिला भाग वर चढतो. दोन्हीत गणिताची चूक नाही. उपग्रहाचा डेटा 1978 नंतर सुरू होतो म्हणून तिथून सुरुवात करणारे खूप जण भेटतात. पण डेटा कुठून मिळतो यावर हवामानाची सुरुवात ठरत नाही. सुरुवातीचं वर्ष पाच-पाच वर्षांनी मागेपुढे सरकवून कल पुन्हा काढा, आणि किती वेळा चिन्ह बदललं ते तक्त्यात लिहा. एकच रेघ दाखवणारा आलेख मी परत पाठवते.

याच्या जोडीला आणखी एक गफलत असते. ओलीचा निर्देशांक मागच्या महिन्याची आठवण ठेवतो. कोरड्या जूननंतरचा जुलै कोऱ्या पाटीने सुरू होत नाही. त्यामुळे 200 वर्षांचे 2400 महिने म्हणजे 2400 स्वतंत्र साक्षी नव्हेत. कल खरा आहे की योगायोग, हे तपासणारी मान-केंडॉल चाचणी तशीच लावली तर साधा चढउतारही 'लक्षणीय कल' ठरतो. आधी ही स्वतःशी असलेली साखळी काढून टाका, किंवा वर्षाला एकच आकडा घेऊन चाचणी करा.

जुन्या उपकरणांवर डोळे मिटून विश्वास

एकोणिसाव्या शतकातली पर्जन्यमापकं अनेकदा छतावर, उंचावर बसवलेली असत. वर वारा जास्त. पावसाचा थेंब जड, तो तरी आत पडतो. बर्फाची भुरभुर वाऱ्याबरोबर मापकावरून निघून जाते. आजही वाऱ्याच्या शिखरावर बर्फाच्या नोंदीतली तूट निम्म्यापर्यंत जाऊ शकते. म्हणजे जुन्या काळातली हिवाळी जमा प्रत्यक्षापेक्षा कमी नोंदली गेली आहे.

तापमापकाचं उलट. चांगली सावलीची पेटी येण्याआधी उन्हाचा परावर्तित ताप थेट तापमापकाला लागायचा, त्यामुळे सुरुवातीच्या काळातले उन्हाळे नोंदीत खऱ्यापेक्षा गरम दिसतात. गरम म्हटलं की गणितात बाष्पीभवन जास्त धरलं जातं.

दोन्ही चुका एकाच दिशेला ढकलतात, हे कुणी सहसा लक्षात घेत नाही. जमा कमी आणि खर्च जास्त, म्हणून जुना काळ होता त्याहून कोरडा दिसतो, आणि आजचा कोरडेपणा त्यामागे झाकला जातो. म्हणून कच्च्या नोंदी न घेता एकसंध केलेली, म्हणजे अशा उपकरणांच्या चुका काढून दुरुस्त केलेली मालिकाच वापरा, आणि ती कधी, कशी दुरुस्त केली आहे तेही वाचा.

बाष्पीभवनाचं सूत्र न तपासणं

थॉर्नथ्वेट आणि पेनमन, दोघांची सूत्रं एकाच वर्षी, 1948 मध्ये आली. थॉर्नथ्वेटला फक्त तापमान लागतं, म्हणून जुन्या नोंदींवर तेच चालवलं जातं. पेनमनला ऊन, वारा, हवेतली आर्द्रता सगळं लागतं. मॉन्टीथने त्यात पुढे झाडांच्या पानांमधून होणारा अडथळा आणला. डोंगरावर हा फरक मोठा आहे, कारण दोन हजार मीटरवर हवा थंड असली तरी ऊन तीव्र असतं. तापमानच बघणाऱ्या सूत्राला ते ऊन दिसत नाही. उलट तापमान वाढलं की हे सूत्र सगळा दोष त्यालाच देतं. युरोपात 1950 ते 1980 च्या दशकांत जमिनीवर पोचणारं ऊन घटलं आणि पुढे पुन्हा वाढलं, हा बदल त्याच्या हिशोबात येतच नाही.

यावर वाद झालेला आहे. स्वतःला त्या त्या जागेनुसार जुळवून घेणाऱ्या पामर निर्देशांकात (हा दुष्काळ मोजणारा ओलीचा निर्देशांक) बाष्पीभवनाचं सूत्र बदलून फारसा फरक पडत नाही, असं 2011 मध्ये दाखवलं गेलं. 2012 मध्ये 'नेचर'मधल्या अभ्यासाने तापमानावरचं सूत्र जगभरातला दुष्काळ फुगवून दाखवतं असं मांडलं. माझं मत असं की आल्प्ससाठी 1950 नंतरचा भाग दोन्ही सूत्रांनी काढावा. उत्तरं जुळली तर मागच्या दीडशे वर्षांसाठी साधं सूत्र वापरायला थोडा आधार मिळतो.

पामरबद्दल एक छोटी गोष्ट. मूळ निर्देशांक 1965 चा, आणि त्यातले गुणक अमेरिकेच्या मध्यभागातल्या सपाट प्रदेशांवरून काढलेले. त्यात बर्फ नाहीच; जे पडेल ते लगेच मातीत गेलं असं धरलेलं. आल्प्समध्ये जानेवारीत पडलेलं मे-जूनमध्ये मातीत येतं. बर्फ साठवण्याचा आणि वितळण्याचा भाग जोडल्याशिवाय मूळ सूत्र इथे चालवू नका.

आल्प्सला एकच जागा समजणं

स्वित्झर्लंडच्या व्हाले खोऱ्यात सियाँ इथे वर्षाला सुमारे 600 मिलिमीटर पाऊस पडतो. त्याच देशात सेंटिस शिखरावर अडीच हजारांहून जास्त. आल्प्सच्या आतल्या दऱ्यांना दोन्ही बाजूंच्या डोंगरांची पर्जन्यछाया मिळते. महाबळेश्वर आणि वाई आठवा, म्हणजे चित्र समोर येईल. व्हालेमध्ये आणि इटलीतल्या फिन्शगाउमध्ये लोकांनी शतकानुशतकं कडेकपारींतून पाट काढून बर्फाचं पाणी शेतांवर आणलं, ते याचमुळे. या सगळ्याची सरासरी काढली तर मिळणारा आकडा कुठल्याच गावाचा नसतो.

पण खरी गंमत उंचीत आहे. 2003 च्या उन्हाळ्याचा पुढे बारकाईने अभ्यास झाला. सखल भागात माती वाळली तसं बाष्पीभवनही मंदावलं, कारण द्यायला पाणीच नव्हतं. वर मात्र उलट झालं. तिथे एरवी पाणी भरपूर आणि ऊब कमी असते. ऊब आणि ऊन मिळालं तशी गवताने आणि झाडांनी जास्त पाणी ओढलं. पाऊस कमी असूनही मोठ्या भागात बाष्पीभवन सरासरीहून जास्त झालं, आणि नद्यांना सर्वाधिक पाणी देणाऱ्या 1300 ते 3000 मीटरच्या पट्ट्यात प्रवाहातली तूट त्यामुळे 32 टक्क्यांनी वाढली. कुरणं हिरवी, खाली नदी आटलेली. हिरवळ बघून 'वर दुष्काळ नाही' असं लिहिणारा इथेच फसतो. म्हणून निदान तीन उंचीचे पट्टे वेगळे करा, आणि डोंगरांच्या मुख्य धारेच्या उत्तर आणि दक्षिण बाजू कधीच एकत्र करू नका. 2018 चा दुष्काळ मुख्यतः उत्तरेचा होता. 2022 ला पो नदीच्या खोऱ्याची अवस्था अशी झाली की इटलीने जुलैमध्ये पाच प्रांतांत आणीबाणी जाहीर केली.

उपग्रहाला सगळं दिसतं असं मानणं

सूक्ष्मलहरींच्या उपग्रहांना मातीचा वरचा काही सेंटिमीटरचाच थर कळतो. झाडांची मुळं त्याहून कितीतरी खाली असतात. उपग्रह ज्या चौकोनाला एकच आकडा देतो, त्या एका ठोकळ्याचा आकार पंचवीस-चाळीस किलोमीटर, त्यात दरी, जंगल, हिमनदी सगळं एकत्र. बर्फ असेल किंवा माती गोठलेली असेल तर ते मोजमाप बादच करावं लागतं. डोंगरात हा डेटा जमिनीवरच्या मोजणीशी ताडल्याशिवाय वापरू नये. स्वित्झर्लंडमधल्या रीट्होल्झबाखच्या लायसिमीटरवर 1976 पासून मातीचा मोठा नळकांडा तोलून ओल मोजतात. अशी एक जागा शंभर ठोकळ्यांपेक्षा जास्त शिकवते.

उत्तर विचित्र आलं तर कुठे बघायचं

सगळ्या उंच केंद्रांवर दर हिवाळ्यात पूर किंवा दर उन्हाळ्यात दुष्काळ दिसत असेल, तर बर्फाचा भाग चुकला आहे. एकाच वर्षी आलेखाला पायरी पडली असेल आणि शेजारच्या केंद्रात ती नसेल, तर केंद्र हललं किंवा उपकरण बदललं. इतिहासाची नोंद काढून बघा. शेवटची वीस वर्षं फारशी कोरडी दिसतच नसतील, तर निर्देशांक जुळवण्यासाठी घेतलेला काळ तपासा. त्यात गरम वर्षंच भरली असतील, तर उष्णता 'सामान्य' ठरून बसते. तो काळ 1961 ते 1990 ठेवून पुन्हा चालवा. आणि उन्हाळ्यातल्या कोरडेपणाचा कल अचानक वाढला पण पाऊस तसाच असेल, तर मागच्या वसंतातला बर्फ बघा. 1971 ते 2019 मध्ये आल्प्समधली नोव्हेंबर ते मे या काळातली बर्फाची सरासरी जाडी दर दशकाला 8.4 टक्क्यांनी घटली आहे. जूनमध्ये मातीत यायचं पाणी एप्रिलमध्येच येऊन निघून गेलेलं असू शकतं, आणि ते पर्जन्यमापकात कधीच दिसणार नाही.