कम्युनिटी कॉलेजातून मेडिकलचे प्रीरिक्विझिट करताय? या चुका टाळा

अमेरिकेत दहा-बारा वर्षं आयटीत काढल्यावर डॉक्टर व्हायचं खूळ डोक्यात घेणारे आपल्यात बरेच आहेत, मीही त्यातलीच. बायोलॉजी दहावीनंतर सुटलेलं. कॅलिफोर्नियात रहिवासी असाल तर कम्युनिटी कॉलेजला (म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजला) युनिटमागे, म्हणजे क्रेडिटमागे, 46 डॉलर पडतात, त्यामुळे मेडिकलला अर्ज करण्याआधी लागणारे प्रीरिक्विझिट कोर्स, म्हणजे बायो, केमिस्ट्री, ऑर्गॅनिक केमिस्ट्री, फिजिक्स, नोकरी सांभाळून तिथे उरकणं यात वेडेपणा काहीच नाही. पण घोडं अभ्यासात नाही, रजिस्ट्रेशनमध्ये अडतं.

सगळ्यात महाग चूक म्हणजे भलतीच केमिस्ट्री घेणं. कॅटलॉगमध्ये केमिस्ट्री नावाचे तीन-चार कोर्स असतात, एक नर्सिंगवाल्यांचा, एक अगदी बेसिक, आणि एक सायन्स मेजरवाल्यांचा (सायन्स मुख्य विषय असणाऱ्यांचा), म्हणजे जनरल केमिस्ट्री, दोन सेमिस्टरचा, लॅबसकट. आपल्याला हा शेवटचा हवा. मी काय केलं, संध्याकाळची वेळ जुळत होती म्हणून नर्सिंगवाला घेतला, ए मिळाला, घरी पेढे आणले, आणि पुढच्या सेमिस्टरला जनरल केमिस्ट्रीच्या दुसऱ्या भागाला नाव घालायला गेले तर सिस्टिमने दारातूनच परत पाठवलं. एकच सेमिस्टर गेलं ना, असं वाटेल. नाही हो. जनरलचे दोन भाग, मग ऑर्गॅनिकचे दोन, मग बायोकेमिस्ट्री अशी ती साखळी आहे, आणि छोट्या कॉलेजात ऑर्गॅनिकचा पहिला भाग बऱ्याचदा फक्त ऑगस्टमध्येच सुरू होतो, म्हणजे एक कडी निसटली की अख्खं वर्ष गेलं. अ‍ॅनॅटमी-फिजिऑलॉजीचंही तेच, विषय छान आहे पण मेजरवाल्या बायोलॉजीच्या जागी सहसा चालत नाही.

दुसरं म्हणजे भारतातली मार्कशीट. कोर्सला लागणारी मॅथ्सची अट आपण कधीच पूर्ण केलीय हे दाखवायला इव्हॅल्युएशन, म्हणजे मार्कशीट अमेरिकन हिशोबात तपासून घेणं, लागू शकतं आणि त्याला आठवडे जातात, तोवर संध्याकाळच्या लॅबच्या जागा भरतात. वेटलिस्टवर असलात तरी पहिल्या दिवशी जाऊन बसा, न येणाऱ्यांची जागा तेव्हाच मिळते.

आता मार्कांचं. आपल्याला फर्स्ट क्लासची सवय, पण बहुतेक मेडिकल स्कूलांचा अर्ज ज्या एकत्रित अर्जसेवेतून, म्हणजे अ‍ॅमकासमधून जातो तिथे भारतातले मार्क जीपीएमध्ये (ग्रेडच्या सरासरीत) धरतच नाहीत! म्हणजे बीई डिस्टिंक्शन असो की काठावर पास, तुमचा जीपीए म्हणजे हे आठ-दहा कोर्स, दुसऱ्या कुठल्या अमेरिकन कॉलेजात काही केलं नसेल तर. एक सी आला की तो लपायला जागाच नाही, आणि कोर्स परत केला तरी दोन्ही ग्रेड मोजतात. ऑफिसात रिलीज आहे आणि मिडटर्म गेलीय अशी वेळ आली तर मुदतीच्या आत ड्रॉप करा, डब्ल्यू, म्हणजे कोर्स मध्येच सोडल्याचा शेरा, परवडतो.

प्रोफेसरांच्या ऑफिस अवर्सना, म्हणजे विद्यार्थ्यांना भेटायच्या ठरलेल्या वेळी, आपण जात नाही, उगाच कशाला त्रास द्यायचा म्हणून. जा. बरीच मेडिकल स्कूल सायन्सच्या दोन प्रोफेसरांची शिफारसपत्रं मागतात, आणि संध्याकाळी शिकवणारे बरेच पार्टटाइम असतात, वर्षभराने सापडतीलच असं नाही. सेमिस्टर संपायच्या आत पत्र मागा.

काही मेडिकल स्कूलांना कम्युनिटी कॉलेजचे कोर्स चालतात पण मनापासून नाही, ऑनलाइन लॅब काहींना अजिबात चालत नाही. त्यामुळे बायोकेमिस्ट्रीसारखे एक-दोन वरचे कोर्स चार वर्षांच्या युनिव्हर्सिटीत करा.

हे खरं तर सगळ्यात आधी लिहायला हवं होतं, पण असो. ग्रीन कार्ड नसेल तर बरीच मेडिकल स्कूल अर्जच घेत नाहीत आणि फेडरल लोनही मिळत नाही. शिवाय भारतातली डिग्री असेल तर कित्येक ठिकाणी अमेरिकेतले ठराविक क्रेडिट्स, कधी पूर्ण बॅचलर्सच मागतात. तेव्हा पहिली फी भरायच्या आधी मनातल्या पाच-सहा मेडिकल स्कूलांना ईमेल टाका आणि उत्तरं जपून ठेवा.