झाडांखालचं पाणी आणि खत: पावसाआधी मांडायचा हिशेब

पहिला दमदार पाऊस झाला की खत टाकायची घाई होते. पोती आलेली असतात, माणसं मिळालेली असतात, माती मऊ झालेली असते. पण दाट झाडीखालची माती नांगरलेल्या रानासारखी वागत नाही. म्हणून पोतं फोडण्याआधी थोडी आकडेमोड करा.

आधी पाऊस मोजा, तोही दोन ठिकाणी: एकदा उघड्यावर आणि एकदा झाडांखाली. पानांवर अडकलेलं बरंचसं पाणी तिथूनच उडून जातं, आणि हलक्या सरींमध्ये हा वाटा मोठा असतो. झाडांखाली एका डब्यावर भागत नाही. कुठे धार गळते, तर कुठे थेंबही नाही. चार-पाच डबे ठेवा आणि सरासरी काढा.

आता हिशेब. 1 मिमी पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला 1 लिटर. समजा, माती वाफशावर आहे, म्हणजे जादा पाणी निथळून गेलंय, आणि तिच्या आकारमानाच्या 30 टक्के पाणी तिने धरलंय. वरून 60 मिमी पाणी मुरलं की ते जुन्या पाण्याला खाली ढकलतं: 60 भागिले 0.30, म्हणजे 200 मिमी. वरच्या थरातलं नायट्रेट, म्हणजे खतातल्या नत्राचं पाण्यात विरघळणारं रूप, सुमारे 20 सेंमी खाली सरकलं. अशा तीन झडी झाल्या की ते 60 सेंमीवर जातं, आणि अन्न घेणारी बारीक मुळं तर बहुतेक वरच्या थरातच असतात. नायट्रेटवर ऋण भार, मातीच्या कणांवरही ऋण भार, त्यामुळे माती त्याला धरत नाही. नत्राचं दुसरं रूप, अमोनियम, मात्र धरते. स्फुरद जवळपास जागचं हलत नाही, गेलंच तर वाहत्या मातीबरोबर. पालाश नायट्रेट आणि स्फुरद यांच्या मधलं; हलक्या जमिनीत तेही निसटतं.

संगणकी मॉडेलं हेच काम बारकाईने करतात. फ्रेंच अभियंते हेन्री डार्सी यांनी 1856 मध्ये वाळूतून जाणाऱ्या पाण्याचा नियम मांडला, अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड्स यांनी 1931 मध्ये तो पूर्ण न भिजलेल्या मातीपर्यंत नेला. पण साधं मॉडेल माती एकजिनसी धरतं, आणि जंगलात गाडी तिथेच अडते. कुजलेल्या मुळांची भोकं, गांडुळांची बिळं यांतून मुसळधार पावसाचं पाणी मधली माती न भिजवताच खाली उतरतं.

हे डोळ्यांनी पाहता येतं. खाण्याचा निळा रंग पाण्यात कालवून चौरस मीटरभर जागेवर सावकाश ओता आणि दुसऱ्या दिवशी तिथे उभा छेद घ्या. वर सलग निळा पट्टा दिसतो, आणि एखाद्या मेलेल्या मुळाच्या कडेने निळी रेघ थेट खाली गेलेली असते. दोन बोटं बाजूची माती मात्र कोरीच.

मुरण्याचा वेग पाहायला 30 सेंमी व्यासाचं पत्र्याचं कडं मातीत बसवा. त्यात 10 मिमी पाणी म्हणजे सुमारे 700 मिली. पाच जागी वेळ मोजा. एखादी जागा पाणी गटकन गिळेल. तो आकडा चूक समजून खोडू नका, तेच तुमचं भोक!

या भोकांची दुसरी बाजू कामाची आहे. कणांमधल्या बारीक पोकळ्यांत आधीच मुरलेलं खत अशा धावत्या पाण्याला सहसा सापडत नाही. म्हणून खत हलक्या पावसानंतर द्यावं, मोठ्या पावसाच्या तोंडावर कधीच नाही. युरियाला तर विशेष जपा. अमोनियम होईपर्यंत, म्हणजे काही दिवस, तो पाण्याबरोबर मोकाट फिरतो. आणि पाचोळ्यावर तसाच राहिला तर अमोनिया होऊन हवेत उडतो. पाचोळा बाजूला करा, खत मातीत मिसळा, पाचोळा पुन्हा ओढून घ्या. मात्रा दोन-तीन हप्त्यांत विभागा.

लांब उघडिपीनंतर आणखी एक तपासणी: पाचोळ्याखालच्या कोरड्या मातीवर पाण्याचा थेंब ठेवा. पाच सेकंदांहून जास्त वेळ तो मोत्यासारखा टिकला, तर माती पाणी झिडकारतेय. तिला एक-दोन हलक्या सरी पिऊ द्या, थेंब पुन्हा ठेवून पाहा, मगच पोतं फोडा.