ऑक्टोबरच्या लाटांआधी सर्फस्केटवरची तयारी

गोव्यात अश्वे-हरमलच्या किनाऱ्यावरच्या सर्फ शाळा पावसाळा ओसरला की उघडतात. पुण्या-मुंबईहून सुट्टी काढून जाणाऱ्यांनी तयारीला जुलैतच लागावं. लाट पकडली तरी बोर्डवर उभं राहायला मिळतात मोजके सेकंद. तेवढ्यात गुडघे, खांदे, नजर सगळं सुधारायचं म्हटलं तर अख्खा हंगाम हातातून जातो. सर्फस्केटवर, म्हणजे जमिनीवर सर्फिंगसारखी वळणं घेणाऱ्या स्केटबोर्डवर, तेच वळण एका संध्याकाळी शंभरदा घेता येतं. अर्थात चुकीचं वळणही शंभरदाच घेतलं जातं, म्हणून सावकाश आणि नीट.

आधी बोर्ड. साध्या स्केटबोर्डपेक्षा याचा पुढचा ट्रक, म्हणजे चाकं धरणारा धातूचा सांगाडा, खूप जास्त वळतो. १९९०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या व्हेनिसमध्ये लाटा नसलेल्या दिवसांसाठी दोन सर्फरनी असा ट्रक घडवला, त्यातून कार्व्हर कंपनी उभी राहिली. त्यांच्या सी-सेव्हन ट्रकमध्ये स्प्रिंग लावलेला हात असतो, तो सैल आणि पाण्याच्या जवळचा वाटतो. त्यांचाच सीएक्स ट्रक थोडा घट्ट आणि हलका, नवख्याला तोल सांभाळायला सोपा. घेताना बोर्डच्या रंगावर जाऊ नका, दोन ट्रकमधलं अंतर बघा. उंच माणसाला ते जास्त लागतं, नाहीतर गुडघे दुमडायला जागाच उरत नाही. चाकं मऊ हवीत, कडकपणाच्या मापात ७८ए च्या आसपासची. आपल्याकडच्या खरबरीत सिमेंटवर कडक चाकं घसरतात आणि हाडं खिळखिळी करतात. बूट पातळ, सपाट तळव्याचे. पळायचे जाड टाचांचे बूट घातले तर पायाखालचं काहीच कळत नाही.

हेल्मेट आणि मनगटाचे गार्ड यांच्याशिवाय बोर्डवर पाय ठेवू नका. पडताना माणूस हात पुढे करतोच, आणि मनगट मोडलं तर पोहणंही गेलं आणि हंगामही.

जागा शोधणं हे पावसाळ्यातलं खरं काम. ओल्या रस्त्यावर चाक सुटतं आणि बेअरिंगमध्ये पाणी शिरून गंज धरतो. सोसायटीचं बेसमेंट पार्किंग उत्तम, मात्र सेक्रेटरींना विचारून, गाड्या बाहेर गेलेल्या असतात तेव्हा. दुपारच्या झोपेच्या वेळी टाळा, चाकांचा आवाज स्लॅबमधून वर जातो. जाताना झाडू न्या. हरभऱ्याएवढा खडा पुढच्या चाकाखाली आला की बोर्ड जागच्या जागी थांबतो आणि आपण पुढे जातो. बोर्ड ओला झालाच तर बेअरिंग पुसून, तेलाचा थेंब सोडून ठेवा. दर आठवड्याला ट्रकचे नट पान्याने तपासा.

आता मुख्य गोष्ट. खडूने जमिनीवर लाट काढा: एक रेघ लाटेच्या पायथ्याची, तिला समांतर दुसरी रेघ कड्याची, मध्ये तीनेक मीटर. पायथ्याला दोन खुणा, कड्यावर दोन. डावा पाय पुढे ठेवणाऱ्याने उजवीकडे जायच्या लाटेपासून सुरुवात करावी, म्हणजे लाट तोंडासमोर येते. पायथ्याशी पोहोचण्याआधीच गुडघे वाकवा, कंबर नाही. छाती वर, मागचा गुडघा किंचित आत. मग नजर कड्यावरच्या खुणेवर, नजरेमागे पुढचा हात आणि खांदा, त्यामागे कंबर, आणि सगळ्यांत शेवटी पाय. बोटांवर वजन देत वळण पूर्ण होईल तसे पाय सरळ करत वर या. कड्याशी पुन्हा दबून, खाली बघत, टाचांवर वजन देत उलटं वळा. दबणं आणि उघडणं यातूनच वेग येतो, जमिनीवर पाय मारून नाही. हा क्रम अंगात मुरेपर्यंत दुसरं काही शिकायला घेऊ नका. मग तीच लाट पाठीमागे ठेवून, म्हणजे बॅकसाइडने, तितक्याच वेळा करा. बहुतेक जण हे टाळतात आणि किनाऱ्यावर डावी लाट आली की अडकतात.

सर्फस्केट काही खोटंही शिकवतं, ते आधीच माहीत हवं. पुढचा ट्रक इतका सैल असतो की नुसता पुढचा पाय पिळला तरी बोर्ड वळतो. पाण्यात तसं केलं तर बोर्डची कड बुडते आणि आपण तोंडावर आपटतो. म्हणून वळताना मागचा पाय मागच्या बोल्टांवर ठेवून वजन तिथून द्या, समुद्रात त्याच्याच खाली फिन, म्हणजे सर्फबोर्डच्या तळाचे पंख, असतात. दुसरं, सपाट जमिनीवर वेगासाठी सतत वळवळावं लागतं. लाटेचा उतार स्वतःच वेग देतो, तिथे ती वळवळ वेग खाते. त्यामुळे दोन वळणांमध्ये क्षणभर काहीच न करता सरळ जायची सवय मुद्दाम लावा.

मोबाईल जमिनीलगत, खांबाला टेकवून ठेवा आणि शूट करा. बघताना एकच प्रश्न: आधी डोकं वळलं की पाय? आठवड्याला तीनदा, अर्धा-पाऊण तास पुरे. पाय थकले की कंबर वाकायला लागते, तिथेच थांबा.

वल्हवणं, लाट ओळखणं, पोटावरून उठून उभं राहणं हे या बोर्डवर शिकता येत नाही. त्यासाठी तलावात पोहणं आणि घरी चटईवर पॉप-अप, म्हणजे पोटावरून झटक्यात उभं राहण्याचा सराव, रोज. यात सूट नाही.

पावसाळ्यातच पाण्यात उतरायचं असेल तर पश्चिम किनाऱ्याचा खवळलेला समुद्र सोडून तामिळनाडूचा विचार करा. महाबलीपुरमला ऑगस्ट २०२५ मध्ये आशियाई सर्फिंग स्पर्धा झाली, तिथे रमेश बुदिहाळ यांनी भारतासाठी कांस्यपदक मिळवलं. नवख्यांनी तिथेही प्रशिक्षकासोबतच उतरावं, आणि गोव्यात लाल बावटा असेल तर पाण्याबाहेरच थांबावं.

निघण्याआधी तीन-चार दिवस स्केट बंद ठेवा, मांड्या मोकळ्या होऊ द्या. पहिल्या दिवशी मोठा फोम बोर्ड मागा, शाळेत तो असतोच. पहिल्या लाटांवर फक्त बॉटम टर्न, म्हणजे पायथ्याचं वळण, करा, वरच्या वळणाची घाई नको. सोबतच्याला किनाऱ्यावरून शूट करायला सांगा आणि रात्री ते पार्किंगमधल्या चित्रफितीशेजारी ठेवून बघा. उद्या काय करायचं ते त्यावरून ठरेल.